माझ्या उपासाची पवित्र स्थळे

आपल्या चर्चच्या मंडळीतले बरेच जण आता पवित्र भूमीला जाऊन आले आहेत. मासिकाच्या दर अंकात त्या प्रवासाचं वर्णन असतं. यार्देन नदीत पाय बुडवले, गालीलच्या समुद्रात होडीत बसून गीत म्हटलं, उंटावरून कोण घसरलं, हॉटेलात चहा कसा मिळेना. मी ही वर्णनं आवडीने वाचतो. यार्देनच्या पाण्याच्या बाटल्याही माझ्याकडे बऱ्याच साठल्या आहेत. एकीत मनीप्लांट लावला आहे, तो उत्तम चालला आहे.

मी स्वतः तिकडे कधी गेलो नाही. माझा प्रवास दादरहून निघून फणसवाडी, काळाचौकी आणि वरळी कोळीवाडा असा झाला. व्हिसा लागला नाही, गाईडही नव्हता. पण ही स्थळं तुमच्यापैकी कोणी पाहिलेली नाहीत, याची मला खात्री आहे. कारण ती कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, याची काळजी मी उभा जन्म घेतली.

मंडळीने माझा गौरव समारंभ ठरवला आहे, आणि संपादकांनी त्या गौरव अंकासाठी माझ्याकडे "आपल्या शुक्रवारच्या उपासाबद्दल चार ओळी" मागितल्या होत्या. त्या ह्या.

निघण्यापूर्वी

आधी उपासाचं सांगतो. मी लालबागला एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. आमच्या खात्याला शुक्रवारी सुटी असे. त्या दिवशी मी मंडळीतल्या आजारी माणसांकडे जाऊन बसायचो, शास्त्र वाचायचो, प्रार्थना करायचो. एका शुक्रवारी माझी बायको सुमन माहेरी गेलेली होती, म्हणून काळाचौकीच्या एका मालवणी खानावळीत जेवलो. कोंबडी-वडे होते. अंमळ जास्तच झालं. तिथून परळला एका घरी गेलो. घरातले म्हातारे न्यूमोनियाने पडलेले. प्रार्थना झाल्यावर त्यांच्या सुनेने शिऱ्याची बशी पुढे केली. मी नुसता हात हलवला. तोंड उघडलं असतं तर ढेकर आला असता.

"उपास दिसतोय भाऊंचा," कोणीतरी हळूच म्हणालं. मी गप्प राहिलो, कारण तेच.

दुसऱ्या दिवशी म्हातारे उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला.

पुढच्या शुक्रवारी आणखी दोन घरांतून बोलावणं आलं. साळवेभाऊ उपास धरून प्रार्थना करतात, गुण येतो, असं बोललं जाऊ लागलं. शुक्रवारी मला कोणी पाणीसुद्धा विचारीना. घरी सुमन सकाळी डबा भरेना. मग मी जेवायचं कुठे? बाहेर. म्हणजे उपासाची कीर्ती झाली म्हणून मला शुक्रवारी खानावळीत जेवावं लागलं. पुढे गिरणी बंद पडली, दुसरीकडे लागलो, तिथेही मी शुक्रवार मागून घेतला. रिटायर झालो, सुमन गेली, तरी कीर्ती चालूच. अलीकडे पाय दुखतात म्हणून लांबच्या खानावळी सुटल्या. घरीच दार लावून जेवतो.

हे असंच सोबत घेऊन वर गेलो असतो. पण परळहून एस्तेरचा फोन आला.

एस्तेर ही आपल्या रूथबाईंची सून. रूथबाईंना तुम्ही सगळे ओळखता; परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्या मेट्रन होत्या आणि संडे स्कूलमध्ये त्यांनी तुम्हा अर्ध्या लोकांचे कान पिळले आहेत. माझं ऐकून त्यांनीही फार पूर्वी शुक्रवारचा उपास धरला. फरक एवढाच की त्यांनी तो केला. सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आता त्यांना साखरेचा विकार आहे, गोळ्या आहेत, आणि मागच्या शुक्रवारी त्या मोरीच्या दारात कोसळल्या.

"काका, डॉक्टर ओरडले," एस्तेर म्हणाली, "तर ह्या त्यांनाच म्हणतात, आमचे साळवेभाऊ माझ्याहून मोठे आहेत, ते करतात, मला काय धाड भरलीय? तुम्हीच सांगा त्यांना. नाहीतर ह्या शुक्रवारी मी ॲम्ब्युलन्स आधीच दारात आणून उभी करते."

मी लगेच परळला गेलो. रूथबाई कपाळाला पट्टी लावून लसूण सोलत बसल्या होत्या.

"रूथबाई," मी म्हणालो, "मी कधीच उपास केलेला नाही."

"एस्तेरने पढवलं ना?"

"नाही हो. मी शुक्रवारी जेवायचो."

"काय जेवायचात?"

"मासे. कोंबडी. फणसवाडीत असलो तर अळूची भाजी."

तापात बडबडणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, माझा जीव वाचावा म्हणून तुम्ही स्वतःच्या नावाला काळं फासायला निघालात. हे बळ कुठून येतं? उपासातूनच येतं."

मी पाळकसाहेबांना फोन लावला आणि त्यांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, "काका, इतकी नम्रता हल्ली राहिली नाही. येत्या रविवारी मी ह्याच विषयावर बोलतो."

"अहो, मी सुरमई खायचो."

"कळतंय मला. लाक्षणिक अर्थाने."

फोन ठेवला तेव्हा रूथबाई विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होत्या. पण आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेली बाई. चार्टवर लिहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नाही. मी तेच धरलं. "साक्षीदार दाखवले तर?"

"एक जरी खरा निघाला तर उपास सोडीन," त्या म्हणाल्या. "पण मी स्वतः विचारणार. तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही."

बुधवार : फणसवाडी

टॅक्सीने निघालो. रूथबाईंनी पांढरी साडी, काळी पर्स आणि ब्लडप्रेशरचं मशीन घेतलं होतं. मशीन कशाला, विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी. खोटं बोलताना वाढतं."

फणसवाडी मी निवडली होती, कारण ती दादरपासून लांब आणि आपल्या मंडळीतलं तिथे कोणी राहत नाही. गल्ली अजून तशीच अरुंद आहे. एका बाजूला पूजेच्या सामानाचं दुकान, दुसऱ्या बाजूला जुन्या घराला टेकू लावलेले बांबू, मधून हातगाडी जाते आणि मग माणसांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. बापटांची खानावळ पहिल्या मजल्यावर. जिना चढताना रूथबाई दर वळणावर थांबत होत्या आणि मी थांबलो की "दम लागला का भाऊ?" असं मलाच विचारत होत्या.

तिथली रीत आपल्यापेक्षा वेगळी. आपल्याकडे डोळे मिटून उपकारस्तुती झाल्याशिवाय घास उचलत नाहीत, बापटांकडे कूपन घेतल्याशिवाय ताट येत नाही. माणसं भिंतीकडे तोंड करून मुकाट जेवतात. ही सोय मला फार उपयोगी पडली. मी डोळे मिटले तर शेजारच्याला वाटायचं डुलकी लागली. उपकारस्तुती मात्र मी कधी चुकवली नाही. उपास खोटा होता, पण त्या जेवणाबद्दलचे आभार मनापासून होते.

बापट स्वतः गल्ल्यावर होते. माझ्याहून म्हातारे, कानात यंत्र. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला आणि माझ्या मागे रूथबाईंना पाहून लगेच मिटला.

"नमस्कार," रूथबाई म्हणाल्या. "हे गृहस्थ दर शुक्रवारी इथे जेवायला येत होते का?"

बापटांनी चष्मा पुसला, लावला, मला आपादमस्तक न्याहाळलं. "छे! प्रथमच पाहतोय."

"नीट बघा."

"बाई, माझ्याकडे येणारा माणूस मी विसरत नाही. हे आमचं गिऱ्हाईकच नव्हे."

मी तोंड उघडणार तर रूथबाईंनी बोट वर केलं. जेवण मात्र छान झालं. अळूची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, ताक. रूथबाईंनी भात बेताने आणि अळू दोनदा घेतलं. त्या हात धुवायला मोरीकडे गेल्या तसे बापट गल्ल्यावरून वाकले.

"वाचवलं की नाही, साळवे?"

"अहो, कशापासून वाचवलं?"

"म्हणजे काय? तुम्हीच सांगितलं होतंत ना, कोणी विचारत आलं तर मी इथे येत नाही म्हणून सांगा. इतकी वर्षं वाट पाहिली, कोणी आलंच नाही. आज वहिनी आल्या. शब्द पाळला मी."

"त्या माझ्या पत्नी नव्हेत!"

बापटांनी कानातलं यंत्र चाचपलं आणि डोळा मारला. "ते तर त्याहून कठीण. काही काळजी करू नका."

तुमच्या पवित्र भूमीत गाईड प्रत्येक दगडाशी थांबून "हेच ते ठिकाण" म्हणून सांगतो. माझ्या यात्रेत नेमकं उलटं होतं.

गुरुवार : काळाचौकी

काळाचौकीवर माझी मोठी भिस्त होती. खानावळ जुन्या चाळीच्या तळमजल्यावर होती. आता त्या जागी टॉवर आहे आणि खानावळ टॉवरच्या पायथ्याशी एका गाळ्यात आली आहे. बाहेर गणपती मंडळाचा मोठा फलक, त्यावर कार्यकर्त्यांचे फोटो. फलक बांधलेल्या सुतळीत माझी चप्पल अडकली आणि मी सगळ्या कार्यकर्त्यांना घेऊन खाली येणार होतो. रूथबाईंनी दंडाला धरलं. त्यांची पकड अजून मेट्रनचीच आहे.

मालक दत्ताराम पूर्वी इथेच वाढपी होता. मला तिसऱ्यांच्या रश्श्यात चार शिंपले जास्त घालणारा हाच. मी त्याला आधी फोन करून ठेवायला हवा होता, पण रूथबाईंच्या अटीत ते बसत नव्हतं.

"ह्येंका?" दत्ताराम म्हणाला. "नाय गो बाय. मी ह्येंका कधीच बगूक नाय."

"दत्ताराम!" मी ओरडलो.

"बघा, माझा नाव पण ह्यांका आत्ताच त्या पाटयेर वाचून कळला."

पाटीवर खरंच त्याचं नाव होतं, ठळक अक्षरांत.

"तू मला तिसऱ्या वाढायचास की नाही?"

"कसल्यो तिसऱ्यो?" आणि मग, बहुधा मला अगदी पक्कं सोडवावं म्हणून, त्याने स्वतःच्या मनाने भर घातली. "बाय, खरा सांगू? हे शुक्रवारी हयसून जाईत. पण नाकार रुमाल धरून! माशांचो वास नको म्हणान. मी म्हणय, काय साधू माणूस आसा. गणपतीची शपथ घेव?"

"नको, नको!" मी म्हणालो.

रूथबाईंचे डोळे पाणावले. "बघा भाऊ. ज्याचा आपल्या मंडळीशी संबंध नाही, तो माणूससुद्धा साक्ष देतो."

आम्ही बसलो. माझ्यासमोर तिसऱ्यांचा रस्सा आला, त्यात चार शिंपले जास्त. मी रूथबाईंना ते दाखवले. त्या म्हणाल्या, म्हातारा माणूस बघून घातले असतील.

शेजारच्या टेबलावर मंडळाचे एक जुने कार्यकर्ते बसले होते. पांढरा सदरा, टेबलाखाली एक पाय लांब पसरलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खुर्ची सरकवत माझ्याकडे आले. "बाबा, तुम्ही उपासवाले का? माझा गुडघा बघा जरा. देखाव्याच्या वेळी मांडवावरून पडलो, तेव्हापासून वाकत नाही."

"मी तो नव्हे," मी म्हणालो.

"भाऊ," रूथबाई हळू आवाजात म्हणाल्या. ह्याच आवाजात त्या नव्या नर्सेसना रडवत असतील. "माणूस मागतोय. करा."

मग मी काळाचौकीच्या मटण-माशांच्या खानावळीत, मिशीला रस्सा लागलेला असताना, एका परक्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थनेत मी एवढंच म्हणालो की देवा, ह्या माणसाला बरं कर आणि कृपा करून आत्ताच करू नकोस.

गृहस्थ उठले. एक पाऊल टाकलं. वाकले. पुन्हा वाकले. "आयला! मोकळा झाला की रे दत्ता!"

सगळी खानावळ उभी राहिली. कोणीतरी माझ्या पाया पडलं. एकाने बायकोच्या पाठदुखीसाठी फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि मला स्क्रीनवर हात ठेवायला सांगितलं. दत्ताराम मोठमोठ्याने सांगत होता की ह्या माणसाला आपण पूर्वीपासून ओळखतो, आणि रूथबाईंकडे लक्ष गेलं की लगेच "म्हणजे बगूक नाय कधी" असं जोडत होता.

"पाहिलंत?" टॅक्सीत बसल्यावर रूथबाई म्हणाल्या. "जेवणाऱ्या माणसाच्यानं हे झालं असतं का?"

"मी जेवत असतानाच झालं, रूथबाई."

त्यांनी मशीन काढून माझं प्रेशर बघितलं. वाढलेलं होतं. त्यांनी मान हलवली. खोटं पकडलं गेलं होतं.

शुक्रवार : वरळी कोळीवाडा

शुक्रवारी सकाळी एस्तेरने दारात मला बाजूला घेतलं आणि ग्लुकोजची पुडी माझ्या खिशात घातली. "सकाळपासून नुसतं पाणी. गोळी घेतली का ते सांगत नाहीत. काका, आज काहीही करा."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला भीती वाटत होती. गंमत संपली होती. रूथबाईंचा हात टॅक्सीत माझ्या हाताला लागला तो गार आणि ओला होता. मी पुडी पुढे केली. "सूर्य मावळल्यावर," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर समुद्रावरचा पूल बघत राहिल्या.

कोळीवाड्यात गाडी आत जात नाही. बोळ इतका लहान की समोरून डोक्यावर टोपली घेतलेली बाई आली तर आपण कोणाच्या तरी घरात शिरायचं. आम्ही दोन घरांत शिरलो, एका घरात टीव्ही चालू होता, त्यांनी आम्हाला बसा म्हटलं. पुढे मोकळ्या जागेत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, खाली जाळी पसरलेली, पलीकडे रंगवलेल्या होड्या आणि त्यांच्या पलीकडे उंच काचेच्या इमारती. तो वास मला अजून आवडतो. रूथबाईंनी पदर नाकाला लावला नाही, पण त्यांची पावलं वाकडी पडायला लागली. मी त्यांना एका उलट्या क्रेटवर बसवलं.

हिराबाय आपल्या दारातच कोयत्याने सुरमई कापत बसली होती. वरळीकडच्या आजाऱ्यांना भेटून आलो की मी हिच्याकडे जेवायचो. घरगुती. पानावर काय येईल ते तिच्या मनावर. मला पाहून तिने कोयता थांबवला. मग रूथबाईंना पाहिलं. मला कळलं काय होणार ते.

"हिराबाय," मी हात जोडले, "आज खरं सांग. पाया पडतो."

रूथबाईंनी बोट वर केलं. "बाई, तुम्ही ह्यांना ओळखता?"

"या बावाला?" हिराबाय म्हणाली. "मी कशाला वलखू? मी नाय वलखत. कदी बगितला नाय, माज्या दारात कदी आला नाय, माज्या हातचा बोंबील कदी खाल्ला नाय!"

आणि त्या भर दुपारी, जाळ्यांच्या ढिगावर बसलेला एक तांबडा कोंबडा मान ताणून आरवला.

एकदा आरवून थांबला असता तर रूथबाईंच्या लक्षात आलं नसतं. तो पुन्हा आरवला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग हिराबायकडे. मग माझ्याकडे.

वाचकहो, प्रभूच्या त्या शिष्याची गोष्ट तुम्हाला ह्याच बाईंनी शिकवली आहे. शेकोटीपाशी त्याने तीनदा शपथेवर सांगितलं की मी ह्या माणसाला ओळखत नाही, आणि मग कोंबडा आरवला. संडे स्कूलमध्ये कोंबड्याचा आवाज त्या स्वतः काढायच्या.

"कोणता बोंबील?" रूथबाईंनी विचारलं.

"आं?"

"मी बोंबलाचं नावही काढलं नाही. तुम्ही काढलंत." त्या थांबल्या, ओठांवरून जीभ फिरवली. "बापटसुद्धा. आणि तो रुमालवाला दत्ताराम. परका माणूस नुसता नाही म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. एवढ्या जोरात कोणी नाकारत नाही. एवढ्या जोरात ओळखीचंच माणूस नाकारतं."

हिराबाय माझ्याकडे बघायला लागली.

"सांगू का रं शुक्रवार?" ती मला ह्याच नावाने हाक मारायची. "का अजून नाय?"

"सांग," मी म्हणालो.

"बाय, येवडा खानारा मानूस मी बगितला नाय! बोंबील, कोलंबी, जवल्याची चटनी. दोन भाकऱ्या, वर आनखी एक. का, तर म्हने आज दोन पेशंट हायत. आनि डोले मिटून बसायचा, मला वाटायचा याला चक्कर आली."

रूथबाईंनी तळहात माझ्यापुढे केला. मला आधी कळलंच नाही. मग मी पुडी एका पेल्यात फोडली आणि हिराबायने तांब्यातून पाणी ओतलं. ते पेलाभर पाणी त्या सावकाश प्यायल्या. मी त्यांचा हात धरून बसलो आणि बराच वेळ आम्ही तिघंही कोंबड्याकडे बघत होतो. तो आता दाणे टिपत होता.

चेहऱ्यावर रंग परतला तशी त्यांची जीभही परतली.

"म्हणजे उपाशी मी एकटीच होते?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"सुमनबाईंना माहीत होतं?"

"नाही. दिवसभर उपाशी म्हणून ती संध्याकाळी दोन पोळ्या जास्त करायची."

"त्या खायचात?"

"खायचो."

"कठीण आहात भाऊ."

मग ज्याने एवढी वर्षं माझी झोपमोड केली ते मी विचारलं. "रूथबाई, मग ती बरी झालेली माणसं? परळचे ते न्यूमोनियावाले म्हातारे? त्यांना फसवलं ना मी?"

"त्यांना इंजेक्शन मी दिलं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं वरच्याने केलं. तुमच्या उपासाने काही झालं नाही आणि तुमच्या जेवणाने काही बिघडलं नाही. तुम्ही नुसते जाऊन बसलात." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण बसलात. त्या घरी तेव्हा दुसरं कोणी बसायला जात नव्हतं, हेही मी बघितलंय. आता ह्या बाईंना सांगा, वाढा म्हणावं."

हिराबायने दोन पानं घेतली. तांदळाची भाकरी, कुरकुरीत बोंबील, कोलंबीचं कालवण. तो वास नाकात शिरला आणि माझा हात आपोआप भाकरीकडे गेला.

"थांबा," रूथबाई म्हणाल्या. "प्रार्थना."

त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी हिराबायसाठी, मग तिच्या होडीसाठी, बापटांच्या कानासाठी, दत्तारामच्या खोटेपणासाठी, त्या गुडघ्यासाठी, एस्तेरसाठी. मग ज्यांच्यासाठी त्या शुक्रवार धरत, ती माणसं आली. एकाला नोकरी नव्हती, एकीचं मूल बोलत नव्हतं, कोणी दारू सोडत होतं, कोणी धरत होतं. एकेकाचं नाव, एकेकाचं दुखणं. बोंबील गार होत होते. मी एक डोळा उघडून बघितला तर हिराबायनेही हात जोडले होते आणि तशीच कोपराने मांजराला हाकलत होती.

"आमेन," मी जरा घाईने म्हणालो आणि भाकरी मोडली.

रूथबाईंनी माझं पान हळूच स्वतःकडे ओढलं.

"अहो, हे काय?"

"माझ्या शुक्रवारांवर माणसं आहेत, भाऊ. आत्ता नावं ऐकलीत ना? त्यांना काय सांगू, दुकान बंद झालं? डॉक्टरांनी मला मना केलंय. तुम्हाला केलंय का? साखर आहे?"

"नाही."

"प्रेशर?"

"तुम्ही बघता तेव्हाच वाढतं."

"मग झालं तर. आज शुक्रवार आहे." आणि त्यांनी माझा बोंबील उचलून खाल्ला. "हिराबाय, छान झालाय हो."

"त्याच्यासाठी जरा जास्त तिकाट करायची मी," हिराबाय म्हणाली. दोघी माझ्याकडे बघून हसत होत्या. मी पाणी प्यायलो.

परत आल्यावर

माझ्या डॉक्टरांना विचारलं. एक दुपारचं जेवण सोडायला त्यांची हरकत नाही. उलट त्यांना आनंदच झाला. पाळकसाहेबांना रूथबाईंनी स्वतः फोन केला, तेव्हा सुरमई लाक्षणिक नव्हती हे त्यांना पटलं. माझा गौरव समारंभ तेवढा रद्द करा, असं मी लेखी कळवतो आहे. शाल आणलीच असेल तर ती रूथबाईंना द्यावी. त्या म्हणतात, नको, उकडतं.

हे लिहितोय तेव्हा शुक्रवार आहे, दुपार आहे. शेजारच्या घरी काहीतरी तळतायत. रूथबाईंनी सांगितलेली नावं घेत होतो, मध्येच जिचं मूल बोलत नव्हतं ती ही बाई की तिची बहीण, हे विसरलो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतली. पूर्वी मी पोटभर जेवून दुसऱ्यांच्या दुखण्यासाठी अर्धा तास सहज प्रार्थना करत असे. आता दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढे भाकरी येते. प्रार्थना इतकी अवघड असते, हे मला ह्या वयात कळतंय.

आत्ता फोन वाजला.

"भाऊ, मी जेवले," रूथबाई म्हणाल्या. "आज एस्तेरने पापलेट केलं होतं. दोन तुकड्या खाल्ल्या. काही नाही, म्हटलं कळवावं."

"बरं केलंत," मी म्हणालो.

"भूक लागली?"

"हो."

"खूप?"

"हो हो."

"मग आता करा प्रार्थना," त्या म्हणाल्या. "आता खरी होईल." आणि त्यांनी फोन ठेवला.